पाहुणा एका घरचा नव्हे, गावाचा



आज मी खताच्या मात्रेविषयी किंवा बियाण्याच्या वाणाविषयी काही सांगणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालो, आणि कृषी खात्याच्या नोकरीत बांधावरून हिंडता हिंडता तीस वर्षे कशी गेली ते कळले नाही. आता छप्पन्नावे चालू आहे. या तीस वर्षांत लोकांना सल्ले पुष्कळ दिले. त्यांतले बरेच फळले, काही फसले. जो सल्ला देतो त्याने आपला फसलेला सल्लाही एकदा चारचौघांत सांगावा, म्हणजे दुसरा कोणी त्या खड्ड्यात पडत नाही. म्हणून आज बसलो आहे.

आमचा जुन्नर तालुका तुम्हांला ठाऊकच आहे. शिवनेरी आमचा, लेण्याद्री आणि ओझर आमचे, नाणेघाट आमचा. राज्य शासनाने 2018 साली तालुक्याला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. पण पाहुण्यांची रीघ त्याआधीपासूनच होती. पावसाळा लागला, डोंगर हिरवा झाला, की शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. माझी थोरली बहीण, आमची आक्का, याच तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावी दिली आहे. मुलूख भाताचा. जमीन थोडी, पाऊस दांडगा, आणि पावसाळा सरला की पिण्याच्या पाण्याचीही ओढ.

एका रविवारी आक्काच्या दारात बसून मी मोटारी मोजत होतो. मोजता मोजता कंटाळलो. दाजी म्हणाले, "एवढी माणसं येतात, पण आपल्या गावात चार पैसे तरी टाकून जातात का?" मी विचार केला तर खरेच होते. पाण्याची बाटली शहरातून आणलेली, चिवड्याची पुडी शहरातली, जेवण हमरस्त्यावरच्या ढाब्यावर. गावाला काय मिळे? रिकामी बाटली आणि कागद. पाहुणा गावात येत होता, पैसा मात्र गावात येत नव्हता.

मग मी सल्ला दिला. "दाजी, रस्त्याकडेच्या पडीत चार खोल्या बांधा. फरशी घाला, न्हाणीघर आत घ्या. कर्ज मिळेल, दोन-तीन वर्षांत फिटेल." मी सरकारी माणूस, त्यात पाहुणा. दाजींनी माझा शब्द मोडला नाही. 2016 साली खोल्या उभ्या राहिल्या.

पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या वर्षीही बरे चालले. पण बंधूंनो, माझ्या हिशेबात एक मोठी गोष्ट धरायची राहून गेली होती, ती म्हणजे गाव. खोल्या दाजींच्या, पण वाट सगळ्यांची, ओढा सगळ्यांचा, विहीर सगळ्यांची. पाहुणे दाजींकडे उतरत आणि दंगा सगळ्या आळीला ऐकू जाई. पैसा एका घरात आणि त्रास चाळीस घरांत, असा तो कारभार झाला.

2019 च्या पावसाळ्यात भातलावणी चालू होती. शेजारच्या खाचरात शेजाऱ्याची बायको लावणी करीत होती. चिखलात फुटकी बाटली होती. काच तळपायात घुसली. जुन्नरला नेऊन टाके घालावे लागले, ऐन लावणीत बाई पंधरा दिवस घरी बसली. ती बाटली दाजींच्या पाहुण्यांनीच टाकली याला पुरावा नव्हता, पण पुरावा कोण मागतो? शेजाऱ्याने दाजींशी बोलणे सोडले. त्याचे पाहून आळीने सोडले. रस्त्यावरची आमची पाटी दोनदा उपटून ओढ्यात गेली. कोंबडी लागली तर गावात कोणी देईना, दाजी नारायणगावाहून आणू लागले.

आणि मग 2020 चा मार्च आला. कोरोना आला. सगळे बंद झाले. खोल्यांना कुलूप लागले, हप्ते मात्र थांबले तरी मागे व्याज वाढतच होते.

त्या वर्षीच्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो. आक्काने ओवाळायला ताट घेतले आणि माझी नजर तिच्या हातांकडे गेली. आईने लग्नात घातलेल्या दोन्ही पाटल्या हातात नव्हत्या, नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. मी काही विचारले नाही. तीही बोलली नाही. "बापू, करंजी घे," एवढेच म्हणाली. ती करंजी माझ्या घशाखाली उतरली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

पुढे 2022 च्या मार्चमध्ये एका मित्राबरोबर कोकणात वेळासला जाण्याचा योग आला. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून काहींना ठाऊक असेल. या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवांच्या माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, उरलेली कोल्हीकुत्री उकरीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 साली तेथे अंड्यांची राखण सुरू केली. अंडी उचलून कुंपणाच्या आत, तशाच खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची, असे ते काम.

पण नुसते "अंडी काढू नका" म्हणून गावाचे पोट भरत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले. 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरातली माणसे येऊ लागली. त्यांच्यासाठी कोणी मोठे हॉटेल बांधले नाही. गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घराची पडवी झाडली, माजघर मोकळे केले आणि घरात शिजते तेच पाहुण्याच्या पानात वाढले.

आम्हीही अशाच एका घरी उतरलो. अंगण सारवलेले. रात्री आमटी-भात, सोलकढी, उकडीचे मोदक. सकाळी उजाडताना किनाऱ्यावर गेलो. वाळूवरची टोपली उचलली, तर खाली तळहाताएवढीही नसतील अशी पिल्ले वळवळत होती. ती समुद्राकडे सरपटू लागली तेव्हा शहरातली पोरे श्वास रोखून उभी होती. आणि दोरीच्या अलीकडे कोणी पाय टाकू नये म्हणून गावचीच माणसे दटावीत होती. ज्या गावात एके काळी अंडी चोरीला जात, तेथे आता गावच राखणदार झाले होते. कारण एकच, कासव जगले तर घरात पाहुणा येतो हे प्रत्येक घराला कळले होते.

परत येताना एस. टी. त मला झोप लागली नाही. आपले काय चुकले ते लख्ख दिसले. मी एका माणसाचा धंदा उभा केला होता. त्यांनी गावाचा उभा केला होता.

आल्यावर दाजींशी बोललो. मग देवळात बैठक बोलावली. गाव आले, पण तोंडे फिरवून बसले. मी वेळासचे सगळे सांगितले. बोलणे संपले तसा तो शेजारी उठला. म्हणाला, "साहेब, सरळ विचारतो. तुमच्या दाजीचं कर्ज फेडायला गाव गोळा करताय काय?"

देवळात शांतता झाली. खोटे बोललो असतो तर काम तेथेच संपले असते. मी म्हणालो, "हो. तेही मनात आहे. सल्ला माझा चुकला आणि बहिणीच्या पाटल्या गेल्या. पण तुमच्या घरातल्या बाईच्या पायात काच गेली तीही माझ्याच चुकलेल्या सल्ल्याने गेली. दोन्ही फेडायचे आहे, आणि एकट्याने फेडता येत नाही हे आता कळले." तो खाली बसला. काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "सायेब, माज्या घराला नीट कवाड न्हाई. माज्याकडं कोन येनार उतरायला? माजा काय फायदा?" बंधू-भगिनींनो, सबंध पर्यटनशास्त्राचा हा एकच प्रश्न आहे असे मला वाटते. ज्याच्याकडे खोली नाही, त्याचा काय फायदा? त्याचे उत्तर ज्या संघटनेकडे नाही, ती संघटना चार बऱ्या घरांची टोळी होते.

त्या प्रश्नाला धरूनच आम्ही मंडळाचे नियम केले. रीतसर नोंदणी केली, बँकेत खाते काढले, तीन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असे ठरवले. खजिनदार कोणाला केले असेल? त्या शेजाऱ्यालाच. जो उघड संशय घेतो, तो हिशेब चोख ठेवतो.

नियम असे आहेत. ज्यांना आपल्या गावी काही करायचे आहे त्यांनी ते टिपून घ्यावेत.

पहिला, दर एकच. एका माणसाला एक रात्र, दोन जेवणे, चहा आणि न्याहारी मिळून नऊशे रुपये. कोणी कोणाचा पाहुणा दर पाडून पळवायचा नाही.

दुसरा, पाहुणा पाळीने. पाहुणा मंडळाकडे नोंद करतो आणि ज्याची पाळी असेल त्या घरी जातो. सुरुवात अकरा घरांनी झाली. घर पाहायला मंडळातल्या दोन बाया जातात. स्वच्छ संडास, झाकलेले पाणी, धुतलेले अंथरूण, एवढे असले तर घर पाळीत येते. फरशी असलीच पाहिजे असे नाही.

तिसरा, जे गावात मिळते ते बाहेरून आणायचे नाही. तांदूळ गावचा, इंद्रायणी. दूध, भाजी, अंडी, कोंबडी गावची. किराणाही गावच्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, "तालुक्याला दोन रुपये स्वस्त मिळेल." मंडळाने सांगितले, "दोन रुपये जाऊ देत. पण तूही पाहुण्याला फसवायचे नाहीस, छापील किमतीलाच द्यायचे."

चौथा, शंभरातले दहा मंडळाला. त्यातून कचरा उचलणाऱ्या दोन पोरांचा पगार, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, औषधाची पेटी आणि फाट्यावरची पाटी. पाटीवर कोणा एकाचे नाव नाही, गावाचे नाव आहे. म्हणून ती अजून जागेवर आहे.

पाचवा, दारू नाही. बाटली दिसली की पाहुणा परत. आणि लावणीच्या ऐन आठवड्यात एका दिवशी दहापेक्षा जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत. आधी खाचर, मग पाहुणा.

आता थोडा हिशेब. समजा, एका घरी चार पाहुणे एक रात्र राहिले. आले 3600 रुपये. मंडळाला 360. तांदूळ, दूध, भाजी, कोंबडी, किराणा मिळून अकराशेच्या आसपास, आणि ते सगळे गावातल्याच चार घरांत जातात. घरच्या बाईच्या हाती एकवीसशेच्या वर उरतात, शे-पन्नास इकडे तिकडे. पूर्वी हेच चार जण आले तर गावाला चार बाटल्या मिळत होत्या.

आणि त्या म्हातारीचे काय? ती नाचणीचे पापड करते. बचत गटाच्या बायांनी तिला बरोबर घेतले. पाहुणा निघताना त्याच्यापुढे टोपली येते. पापड, हातसडीचे तांदूळ, वरई, मोसमात करवंदाचे लोणचे. वजन करून, पिशवीवर किंमत लिहून. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, ती मंडळाने गटाच्या नावाने करून दिली. एकटी म्हातारी ते कागद कोठे घेऊन हिंडली असती? आता शहरातली काही कुटुंबे दिवाळीआधी तांदूळ सांगून ठेवतात. पाहुणा एक दिवस राहतो, पण तांदळाचे गिऱ्हाईक वर्षभर राहते. मला विचाराल तर खरी मिळकत हीच. म्हातारीच्या घराला मागल्या वर्षी नवे कवाड बसले. पाहुणे मात्र ती अजून घेत नाही. म्हणते, "कवाड मला निजायला लावलंय."

दाजींच्या चार खोल्याही मंडळात आल्या. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसे असतात, ज्यांना खाली बसवत नाही, त्यांना तेथे उतरवतात. स्वयंपाक बचत गट करतो. दाजींना खोलीचे भाडे मिळते, पाळीपेक्षा जास्त काही मिळत नाही. पण पूर्वी खोल्या भरल्या की दाजींना झोप येत नसे, आता येते.

सगळे गोडच आहे असे समजू नका. दुसऱ्याच वर्षी मंडळाच्या अध्यक्षांच्या पुतण्याने चोरून बाटलीवाले पाहुणे ठेवले. अध्यक्ष म्हणाले, पोर आहे, समज देऊ. खजिनदार म्हणाला, नियम एकच. रात्री बारापर्यंत बैठक चालली. शेवटी त्या घराची पाळी सबंध मोसमासाठी बंद झाली. त्या दिवशी मंडळ फुटता फुटता राहिले. पण त्या दिवसापासून गावाचा मंडळावर विश्वास बसला, हेही खरे.

आपल्या राज्यात हे काम नवे नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी 1980 च्या दशकातच शेतावर पाहुणे आणले. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी 2005 साली कृषी पर्यटनाला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी शेतकऱ्यांना हे काम शिकवले. पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथे पुस्तके एका मोठ्या इमारतीत नव्हे, तर गावकऱ्यांच्या घरांत ठेवली आहेत. वाचायला आलेला माणूस आपोआप घराघरांत जातो. शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण आणले. त्यात निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येते. नोंदणी असली की कर्जाच्या वेळी कागद दाखवता येतो. तुमच्या गावच्या कृषी खात्याच्या माणसाला विचारा, तो माहिती देईल. त्याने टाळाटाळ केली तर पुन्हा विचारा.

पण माझा अनुभव म्हणून तीन गोष्टी सांगतो. कर्ज काढून इमारत बांधण्याआधी राहत्या घरात दोन मोसम पाहुणे ठेवून पाहा. शेती सोडून हे करू नका. पाहुणा शेत पाहायला येतो, शेतच पडीक ठेवले तर तो काय पाहणार? आणि पहिली बैठक घ्याल तेव्हा ज्याच्या घराला कवाड नाही त्याला पुढे बसवा.

मंडळाला चार पावसाळे झाले. अकराची एकोणीस घरे झाली. दाजींचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही, थोडे हप्ते बाकी आहेत. गेल्या भाऊबीजेला आक्काने ओवाळले तेव्हा तिच्या उजव्या हातात एक पाटली होती. डावा हात तसाच होता. मी पाहतो आहे हे तिने पाहिले. हसली आणि म्हणाली, "दुसरी येईल रे. करंजी घे."

या खेपेस मी दोन खाल्ल्या.